तिघांत वाटलेले अक्षर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज वामनरावाचे नवीन अक्षर आले. सकाळीच अकोल्याहून त्याचा फोन. "मोत्या, उभा असशीन तं बसून घे. असं अक्षर पाठोलं हाये का तुले चष्मा बदलाव लागन."

कॉम्प्युटरवाले त्याला फॉन्ट म्हणतात, आम्ही अक्षरच म्हणतो. तरुणपणी अकोल्याच्या जठारपेठेतल्या छापखान्यात वामनराव आणि मी जुळारी होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ लावायची, हे काम. खुशालराव आमच्या मागून आला, वयाने बराच लहान. छापखाना बंद पडला आणि तिघांनी लग्नपत्रिकांची दुकाने टाकली. वामनरावाने अकोल्यातच, खुशालरावाने मूर्तिजापूरला आणि मी इथे अमरावतीला राजापेठेत. पण तेव्हाचा नेम अजून पाळतो. कोणाकडे नवीन अक्षर आले की त्याने ते एकट्याने वापरायचे नाही, तिघांत वाटायचे. ज्याने दिले त्याचे नाव त्या अक्षरात आधी लावून त्याला पाठवायचे, मग गिऱ्हाइकाचे काम. आणि अक्षर कुठून आणले ते विचारायचे नाही. या धंद्यात अक्षर विकत कोण घेतो!

सून प्रियदर्शनी कॉम्प्युटर चालवते. तिने फाईल उघडून 'वामनराव' लावले. देखणे आहे. शिरोरेघ दोन्ही टोकांना किंचित वर उचललेली, 'र' असा की पाटावर ऐसपैस बसलेला माणूस. वामनरावाला त्याचे नाव पाठवले आणि लगेच खुशालरावाला अक्षर पाठवले.

कॉम्प्युटर मध्येच अपडेटची पाटी दाखवत होता. सून म्हणाली, "मामाजी, एकदा होऊ द्या ना. किती दिवसांचं बाकी आहे." मी नाही म्हटले. मागे एकदा केले होते तेव्हा आमची जुनी अक्षरे गेली आणि त्या जागी नुसत्या चौकटी दिसू लागल्या. चार घरच्या पत्रिका खोळंबल्या. आमच्या धंद्यात अपडेट कोणीच करत नाही.

दुकानाचे कुलूप दोनदा ओढून पाहिले. घरी आल्यावर पुन्हा शंका आली. बायको, मैनाबाई, म्हणाली, "जा, अजून एक डाव वढून या. कुलूपच तुटन." गेलो नाही. पण जेवणात लक्ष नव्हते.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवीन अक्षरात पहिली पत्रिका झाली. मुलीच्या बापाने नाव बोटाने चाचपून पाहिले, जणू खिळ्यांनी दाबून उमटवलेलेच आहे. खाली आपली नेहमीची ओळ, 'मुद्रक : मोतीराम तेलगोटे'. या ओळीसाठी मी भांडतो. काही लोक म्हणतात, ती काढा, जागा वाचेल. मी काढत नाही. वस्तीतल्या बहुतेक घरांच्या कपाटात ही ओळ असलेली एक तरी पत्रिका आहे. सातवी शिकलेल्या माणसाचे नाव आणखी कुठे छापून येणार?

खुशालरावाचा फोन आला. "दादा, अक्षर भेटलं, पण उघडून नाई पायलं. रागिणीच्या साक्षगंधाच्या गडबडीत हाव. तिच्या पत्रिकेलेच वापरीन म्हन्तो, राखून ठेवलं." लेकीचा साखरपुडा, आणि लग्नाच्या पत्रिकेला आपलेच अक्षर. बरे वाटले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी वामनरावाला पहिल्या पत्रिकेचा फोटो पाठवला, रात्र झाली तरी काही जबाब नाही. एरवी तो लगेच शिवी देतो. तब्येत बरी असेल ना? आमच्या वयात फोन आला नाही की भलतेच मनात येते.

१० फेब्रुवारी, सोमवार



सकाळी दुकान उघडले तर फोन थांबेना. "काका, कोणाची पत्रिका पाठवली?" "काका, ती उघडत काहून नाही?" दुकानाचे व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडेच असते. आमच्या नंबरवरून सगळ्या गिऱ्हाइकांना 'सस्नेह निमंत्रण' असा निरोप गेला होता, खाली एक फाईल. आम्ही पाठवलीच नव्हती. ज्याने ती दाबली त्याचा फोन त्याच्या ताब्यात राहिला नाही.

मग देवराव आला. एसटीत कंडक्टर होता, आमच्याच गल्लीत राहतो.

"मोतीराम, हे कोनाची पत्रिका पाठोली बे तू?"

"मी नाई पाठोली."

"तुयाच दुकानाचं नाव हाये वरतं! मी म्हटलं, मोतीरामनं पाठोली म्हंजे आपल्यातलंच लगन असन. दाबली. आता माया फोनवरून माया व्याह्याले कायची कायची चित्रं जाऊन राह्यली! व्याही म्हन्ते, देवराव, या वयात?"

डबा घेऊन आलेली मैनाबाई मागे उभी होती. तिने पदर तोंडावर धरला. तिला हसू येत होते. मला आले नाही. देवरावालाही आले नाही. जाताना तो म्हणाला, "दुसऱ्या कोनाची असती तं मी हातच लावला नसता." हे वाक्य दिवसभर कानात आहे.

प्रियदर्शनीने कॉम्प्युटरची वायरच काढली. मुलगा प्रीतम नागपूरहून फोनवर म्हणतो, पोलिसात कळवा. सून जाऊन कळवून आली. मी गेलो नाही. पोलीस ठाण्याच्या पायरीवर कोणी पाहिले तर?

१२ फेब्रुवारी, बुधवार

माघ पौर्णिमा. विहारात वंदनेला गेलो. नेहमी लोक सरकून जागा देतात. आजही दिली, पण फोन खिशात टाकून. माझा भ्रम असेल. मैनाबाई म्हणते भ्रमच आहे. मग चप्पल घालताना एक बाई दुसरीला म्हणाली, "पोराच्या पत्रिका आता दुसरीकडून काढू." ती मला पाहून थांबली. तिच्या थोरल्याची पत्रिका मीच काढली होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जीवन नावाचा प्रियदर्शनीच्या ओळखीचा मुलगा दोन दिवस कॉम्प्युटरपुढे बसला होता. कॉलेजात हाच विषय शिकवतो. आज तो गेल्यावर सून माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. अशी ती बसत नाही.

"मामाजी, ते अक्षरातून आलं."

"अक्षर काय करन?"

"अक्षराची फाईल म्हणजे नुसतं चित्र नाही. कोणती रेघ कुठून काढायची, किती वळवायची, याच्या सूचना असतात तिच्यात. आपण अनोळखी माणसाला ओसरीवर बसवतो ना? तसं कॉम्प्युटर बाकीच्या फायलींना बाहेर बसवते. पण अक्षरावर कोण संशय घेते? त्याला सरळ आतल्या खोलीत नेऊन वाचते. कोणीतरी त्या सूचना मुद्दाम वाकड्या लिहिल्या. त्या वाचता वाचता कॉम्प्युटर त्याचंच ऐकू लागलं."

"म्हंजे कॉम्प्युटर बनवनाऱ्याचीच चूक."

"भेग त्यांचीच. त्यांना कळली तेव्हा त्यांनी ती बुजवली आणि दुरुस्ती सगळ्यांना पाठवली."

"मंग आपल्याले काहून नाई पाठोली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ द्या मामाजी. चहा ठेवते."

मला त्या भेगेशी काय करायचे? भिंतीला भेग असतेच. त्यातून साप सोडला कोणी, एवढेच मला कळते. अक्षर वामनरावाने पाठवले. चाळीस वर्षांत त्याच्याकडून आलेल्या अक्षराकडे मी वाकड्या नजरेने पाहिले नाही. फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

मैनाबाईने विचारले, "खुशालरावले सांगतलं का? त्याच्याकडे बी ते हाये ना?"

सांगतो म्हटले. त्याने अजून उघडलेले नाही, म्हणजे धोका नाही. आज शुक्रवार, त्याच्या गावचा बाजार. दुकानात गर्दी असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

वामनरावाच्या घरी फोन केला. त्याची बायको बेबीताई बोलली. "ते झोपले हाईत भाऊजी." सकाळचे अकरा वाजले होते. वामनराव दिवसा झोपत नाही. छापखान्यात रात्रपाळी झाली तरी झोपायचा नाही.

"उठले का सांगजा, मोतीरामचा फोन होता."

"सांगते," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "तुमी बरे हाईत ना भाऊजी?" असे काहून विचारले तिने? तिला काही माहीत असल्याशिवाय कोणी असे विचारत नाही. मनात एकच येत राहते. त्याचा मुलगा कुंदन मागे म्हणत होता, अमरावतीत एक शाखा टाकू. माझा धंदा बसला की त्याला मैदान मोकळे. असे मनात आणू नये. पण येते.

खुशालरावाला फोन करायला घेतला होता. मग विचार केला, त्याला सांगायचे काय? की मी तुला विष पाठवले? तो म्हणेल, पाठवले तर मोतीदादानेच, वामनराव तर मधे कुठे आलाच नाही. आधी वामनरावाकडून नीट कळू दे. अर्धे सांगण्यापेक्षा पूर्ण सांगितलेले बरे.

मैनाबाई पुन्हा विचारून गेली. हिला दुसरा धंदा नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अकोल्याला जाऊन आलो. सगळे लिहून ठेवतो.

बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीशीच होतो. खुशालरावाचे दुकान स्टेशनातून चालत जाण्यासारखे आहे. उतरायचे मनात आले होते. पण तिकीट अकोल्याचे होते, आणि एकदा उतरलो असतो तर तो जेवल्याशिवाय सोडत नाही. मग अकोला राहिलेच असते.

जठारपेठेत पोहोचलो तर वामनरावाच्या दुकानाचे शटर अर्धे खाली. वाकून आत गेलो. तो काउंटरमागे बसला होता, दाढी वाढलेली. मला पाहून उठला नाही. कुंदनने खुर्ची दिली आणि बाहेर निघून गेला.

"झोप झाली का?" मी म्हणालो.

त्याने समोरचा फोन पालथा घातला.

"वामन, मी तुले काय केलं होतं?"

"तुयाकडेबी झालं?" त्याने विचारले. म्हणजे त्याच्याकडेही झाले होते. त्याच्या नंबरवरूनही तशीच पत्रिका गेली होती, त्याच्याही दारात लोक आले होते. एक क्षण मला बरे वाटले, खरे सांगतो. वाटले, याला कोणीतरी फसवले, जसे मला. दोघे मिळून त्या तिसऱ्याला शिव्या देऊ, मग चहा घेऊ. मग मी विचारले,

"कवा झालं तुयाकडे?"

"सातले."

"अन् अक्षरानं झालं हे कवा समजलं?"

तो काउंटरची काच पुसू लागला. काच स्वच्छच होती.

"वामन, कवा?"

"त्याच रोजी. कुंदननं सांगतलं."

"माह्याकडे दहाले झालं."

"दहाले?"

"मधात तीन रोज होते, वामन! एक फोन. 'मोत्या, मशीन बंद कर.' एवढंच म्हनाचं होतं. मी वायर काढली असती. देवरावची इज्जत रायली असती. माही रायली असती."

"फोन हातात घेऊन बसलो होतो बे," तो म्हणाला. "रोज. नंबर काढो अन् ठेवो. काय म्हनू तुले? का मोत्या, मी तुले इख पाठोलं? वाटलं, तुयाकडे काई झालं नसन, तं काहून आपल्या तोंडानं सांगाव. मंग वाटलं, झालं असन तं आता सांगून काय फायदा. शरम वाटली, गड्या."

शरम! शरम वाटली म्हणून माणूस शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग पाहत बसतो काय? मी तसे म्हणालो. मोठ्याने म्हणालो. बेबीताई मागच्या दाराने तर्री-पोह्यांची ताटली घेऊन आली होती, ती तिथेच उभी राहिली.

"भाऊजी, हे धड जेवले नाईत इतक्या रोजचे," ती म्हणाली.

"मी बी नाई जेवलो, वैनी."

"मंग दोघं बी खा आता. तोंडात घास असला तं भांडन तरी कमी होईन."

मी ताटली तशीच ठेवून उठलो. वामनराव शटरपर्यंत मागे आला. वाकताना त्याची कंबर धरली, काउंटरला हात टेकून उभा राहिला. तिथून विचारतो, "खुशालले सांगतलं का तू? त्याले तूच देल्लं असशीन."

"तू कोन विचारनारा?" मी म्हणालो. एवढी हिंमत होते कशी माणसाची?

परतीच्या गाडीत डोके ठणकत होते. मूर्तिजापूर कधी आले, कळले नाही. म्हणजे कळले, पण डोळे मिटलेले होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रियदर्शनीने न विचारता अपडेट करून टाकले. जुनी अक्षरे गेली. ज्यात आम्ही तिघांनी एकमेकांची नावे लावली होती, ती उघडली तर नुसत्या चौकटी. ती म्हणाली, "मामाजी, नवीन पद्धतीची पुष्कळ आहेत, फुकट आहेत, सुरक्षित आहेत." असतील. ती कोणाच्या हातून आलेली नाहीत.

तरी एका अर्थी बरेच झाले. ज्याने दगा दिला त्याची अक्षरे घरात कशाला?

मैनाबाईने जेवताना विचारले, "लावला का फोन?" मी म्हणालो, लागला नाही. लावला होता. रिंग वाजायच्या आत बंद केला, कारण साक्षगंधाचे पाहुणे अजून असतील. चारचौघांत अशी गोष्ट सांगता येत नाही.

"मी लावते मंग," ती म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?" मी जरा जोरात बोललो. नंतर वाईट वाटले. पण हे पुरुषांचे, धंद्याचे. मी सांगणारच आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुकान उघडून बसलो. एक गिऱ्हाईक आले, झेरॉक्स काढून गेले. देवराव समोरून गेला. मान हलवली की नाही, नीट दिसले नाही.

वामनरावाचा फोन येऊन गेला. उचलला नाही. आता कळू दे त्याला कसे वाटते ते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खुशालरावाचा फोन सकाळी आला. आवाजावरूनच कळले.

"दादा, गजब झाला. पोरीची पत्रिका लावाले काल तुमचं ते अक्षर उघडलं. इतकं साजरं दिसे, घरचे सगळे पाहाले आले. अन् आज सकाऊनपासून साऱ्या सोयऱ्याधायऱ्यायले माह्या नंबरवरून दुसरीच पत्रिका जाऊन राह्यली. पोराकडच्यायले बी गेली. नवरदेवाच्या बापानं उघडली, त्यायचा फोन पार बिघडला. ते म्हन्तात, पत्रिकाच अशी, तं लगन कसं? रागिणी रडून राह्यली. आता खरी पत्रिका पाठोली तरी कोनी उघडून नाई राह्यलं, दादा. काय करू?"

 त्याला सगळे समजावून सांगितले, प्रियदर्शनीने मला सांगितले होते तसे. अक्षराच्या आतल्या सूचना, आतली खोली, भेग. वायर काढ म्हणालो. छापील पत्रिका घेऊन घरोघरी जा, पहिली नवरदेवाच्या घरी, मीही येतो बरोबर. खूप वेळ बोललो. मला वाटते, चांगले बोललो.

मग त्याने विचारले, "हे तुमाले कवा समजलं, दादा?"

"आजच," मी म्हणालो. "तुलेच फोन लावून राह्यलो होतो."

नाहीतरी नीट, पूर्ण असे आजच समजले म्हणायचे. आधी जे माहीत होते ते अर्धवटच होते.

"अन् वामनदादाले?"

आता तिथे मी खोटे कशाला बोलू? "त्याले सात तारखेपासून माईत हाये."

"सात?"

"सात. मी त्याच्याच तोंडून आयकलं. आपल्याले एक शब्द नाई बोलला."

 मागे बाया बोलत होत्या, कोणीतरी भांडी आपटत होते. मग खुशालराव म्हणाला, "पत्रिकेत विनीत म्हनून तुमा दोघायचं नाव टाकलं होतं. वामनदादाचं काढतो."

"तुयी पोरगी, तुयी मर्जी."

"तुमचं रायते. पहिलंच ठेवतो."

"बरं," मी म्हणालो. नाही म्हणणे बरे दिसले नसते.

"बरं झालं दादा, तुमी तरी सांगतलं," तो म्हणाला. "मानूस एवढ्या वर्षांत बी समजत नाई."   अशा वेळी कळते कोण आपले आणि कोण नाही.

फोन ठेवून वळलो तर मैनाबाई दारात उभी. सगळे ऐकले असावे. मी म्हणालो, "घे. सांगतलं एकदाचं खुशालरावले."

 तिने खुंटीवरची पिशवी काढली, प्रियदर्शनीला म्हणाली, "मी मूर्तिजापूरले जाऊन येते, रागिणीकडे. उद्या येईन," आणि मला काही न विचारता, चहासुद्धा न घेता निघून गेली. इतक्या दिवसांपासून हीच मागे लागली होती, सांगा, सांगा. सांगितले तर ही तऱ्हा. वामनराव परका होता, त्याचे एक समजू शकतो. पण आता घरातलेही माणूस असे पाठ फिरवू लागले, तर मी भरवसा कोणावर ठेवायचा?